दम्याची सुई आणि निरनिराळे रोगी

छत्रपति संभाजीनगरांत, गुलमंडीच्या किंवा औरंगपुऱ्याच्या बाजूला, दम्याच्या दोन जुन्या रोग्यांना शेजारीं बसवून औषधाचा विषय काढावा, म्हणजे एक गंमत ऐकावयास मिळते. एक सांगतो, "डॉक्टरांनीं सुई टोंचली आणि पांच मिनिटांत छातीवरचा धोंडा उतरला." दुसरा सांगतो, "तीच सुई मलाही टोंचली. पण छाती मोकळी होण्याचें राहिलें बाजूला, हातपाय कांपूं लागले आणि रात्रभर काळीज धडधडत राहिलें." एखादा तिसरा मध्येंच म्हणतो कीं, आपल्याला गुणही नाहीं आणि अवगुणही नाहीं, पैसे मात्र गेले. घरांतील वडील माणसें ह्यावर ठरीव निकाल देतात. एक तर तो डॉक्टरचा हातगुण. नाहीं तर ज्याला गुण आला नाहीं त्याचा दमा मनाचा! ह्या दुसऱ्या निकालानें किती रोग्यांचा, विशेषतः घरांतील सुनांचा आणि मुलांचा, छळ झाला असेल ह्याची मोजदाद कोणीं ठेविलेली नाहीं.

इंजेक्शनानें दम्यावर उपचार करण्यास प्रारंभ होऊन आज सुमारें सव्वाशें वर्षें झालीं. तेवढ्या अवधींत निरनिराळ्या जातींचीं औषधें सुईवाटे देऊन पाहण्यांत आलीं आणि जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतींत हाच प्रकार घडला: कांहींना संजीवनी, कांहींना निव्वळ पाणी, आणि थोड्यांना विष. औषध तेंच, मात्रा तीच, टोंचणारा हातही तोच; मग हा भेद कोठून आला? वैद्यांनीं त्याचें उत्तर पुष्कळ वर्षें औषधाच्या बाटलींत शोधलें. रोग्याकडे, आणि रोगी ज्या हवेंत राहतो त्या हवेकडे, त्यांची दृष्टि फार उशीरां वळली. त्या उशीराचा हा इतिहास आहे.

दमा हें एका रोगाचें नांव आहे कीं अनेक रोगांना मिळून दिलेलें एक टोपणनांव आहे, ही शंका मात्र जुनी आहे. चरकसंहितेंत श्वासाचे पांच प्रकार सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. त्यांपैकीं तमकश्वासाचें वर्णन आपल्या ओळखीच्या दम्याशीं बरेंच जुळतें. रोग्याला निजवत नाहीं, उठून बसल्यावर बरें वाटतें. आभाळ आलें, पाऊस पडला, थंडी वाढली किंवा पूर्वेचा वारा सुटला कीं रोग बळावतो. ह्या तमकाचेही पुन्हां पोटभेद केलेले आहेत. आयुर्वेदानें सर्व कांहीं आधींच सांगून ठेविलें होतें असें म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. तसें म्हणण्याची संवय आपल्याकडे नको तितकी आहे. परंतु धाप लागणारा प्रत्येक मनुष्य एकाच रोगानें पीडलेला नसतो, एवढें त्या ग्रंथकारांना ठाऊक होतें, आणि ही गोष्ट पुढें विसरली गेली.

युरोपांत १८६० सालीं हेन्री हाइड सॉल्टर ह्या इंग्रज वैद्यानें दम्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. तो स्वतः दमेकरी होता, त्यामुळें त्याचें लिखाण परक्याच्या रोगाविषयीं केलेल्या लिखाणासारखें कोरडें नाहीं. त्याच्यापाशीं आलेल्या कित्येक रोग्यांना खेड्यांतील निर्मळ हवा सोसत नसे आणि लंडनच्या धुरकट गल्ल्यांत मात्र झोंप लागे! दुसऱ्या कित्येकांचा अनुभव नेमका उलट. सॉल्टरला ह्याचा उलगडा झाला नाहीं, पण त्यानें रोग्यांचें म्हणणें खोटें ठरविलें नाहीं. जसें ऐकलें तसें लिहून ठेविलें. उपाय म्हणून तो उपाशीं पोटीं कडक कॉफी पिण्यास सांगे. ही कॉफी आपण लक्षांत ठेवावी, कारण तिचें एक भावंड पुढें सुईंतून यावयाचें आहे.

दम्यावरील पहिली खरी प्रभावी सुई अॅड्रिनॅलीनची. मूत्रपिंडांच्या माथ्यावर ज्या दोन लहान ग्रंथि असतात त्यांतून हें द्रव्य स्फटिकरूपानें वेगळें काढण्याचें काम अमेरिकेंत राहणाऱ्या जोकिची ताकामिने ह्या जपानी रसायनज्ञानें १९०१ च्या सुमारास केलें. दोनच वर्षांनीं, १९०३ मध्यें, न्यूयॉर्कच्या बुलोवा आणि कॅप्लान ह्या दोन डॉक्टरांनीं दम्याच्या रोग्यांना तें कातडीखालीं टोंचून पाहिलें. हेंच द्रव्य पोटांत दिलें तर आंतड्यांतच नासून जातें. टोंचलें तर कांहीं मिनिटांत श्वास मोकळा होतो. असें कां होतें ह्याविषयीं त्यांची कल्पना अपुरी होती. रक्तवाहिन्या आकुंचन पावून श्वासनलिकांची सूज उतरते, असें त्यांना वाटलें. नलिकांभोंवतालचे स्नायु सैल पडतात हें मुख्य कारण मागाहून कळलें. पण कारण चुकलें तरी गुण खरा होता. हजारांत एक भाग अशा द्रावणाचे कांहीं थेंब घेऊन मध्यरात्रीं रोग्याच्या घरीं जाणारा डॉक्टर हा पुढील पन्नास वर्षें लहानमोठ्या शहरांत ओळखीचा झाला.

आणि येथेंच पहिली मोठी गफलत झाली. मध्यरात्रीं धापा टाकीत उठून बसणारे रोगी दोन जातींचे असतात. एकाच्या श्वासनलिका आवळलेल्या असतात. दुसऱ्याच्या हृदयाची डावी बाजू थकलेली असते, फुप्फुसांत पाणी उतरतें, आणि छातींतून पहिल्याच्या छातींतून येते तशीच सूं-सूं येते. ह्या दुसऱ्याला "हृदयाचा दमा" म्हणत. अॅड्रिनॅलीननें पहिला वांचतो. दुसऱ्याच्या थकलेल्या हृदयाला तें चाबकासारखें लागतें. उलट मॉर्फिनची सुई त्या काळीं हृदयाच्या दम्यावर नांवाजलेली होती. तीच नलिकांच्या दम्यांत दिली तर श्वासाचें केंद्रच मंद होऊन रोगी दगावण्याची भीति. एकाचें अमृत तें दुसऱ्याचें विष! दोघांनाही घरचे लोक दमेकरीच म्हणत, आणि कंदिलाच्या उजेडांत, घाबरलेल्या नातेवाइकांच्या गराड्यांत, डॉक्टरानें क्षणांत निवड करावयाची. पुढें जें "हातगुण" म्हणून सांगितलें जाई तें पुष्कळदां हें निदान बरोबर साधल्याचें फळ होतें.

अॅड्रिनॅलीन आलेला झटका मोडी, पण पुढचा झटका टाळीत नसे. झटका मुळांतच येऊं नये, ह्यासाठीं जी सुई निघाली तिचा इतिहास फार चित्तवेधक आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या शहरापर्यंत येऊन पोंचतो.

मँचेस्टरचा चार्लस ब्लॅकली हा डॉक्टर दर उन्हाळ्यांत शिंकांनीं हैराण होई. गवताचे पराग ह्याला कारण असावेत अशी त्याला शंका आली. त्यानें पराग स्वतःच्या नाकांत घातले, खरवडलेल्या कातडीवर चोळले, आणि उठलेली गांध मोजली. एवढ्यानें समाधान न होऊन त्यानें चिकट द्रव लावलेल्या कांचा पतंगाला बांधून हजार फुटांच्या वर चढविल्या; तेथेंही पराग सांपडले! त्याचा ग्रंथ १८७३ सालीं प्रसिद्ध झाला. योगायोग असा कीं त्याच वर्षीं डेव्हिड डग्लस कनिंगहॅम ह्यानें कलकत्त्याच्या तुरुंगांतील हवा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला तापाचें व पटकीचें मूळ हवेंत सांपडतें काय हें पाहावयाचें होतें. तें सांपडलें नाहीं. पण हिंदुस्थानच्या हवेंत बुरशीचे बीजाणु आणि पराग किती दाट असतात ह्याचीं चित्रें मागें राहिलीं.

१९११ सालीं लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयांत लेनर्ड नून ह्यानें टिमोथी नांवाच्या गवताच्या परागांचा अर्क काढून तो रोग्यांना थोडा थोडा, मात्रा चढवीत चढवीत टोंचला. परागांत कांहीं विष असतें आणि देवीच्या लसीप्रमाणें त्या विषाविरुद्ध शरीराला तयार करतां येईल, अशी त्याची समजूत होती. परागांत विष नसतें. तरी उपचार लागू पडला. वैद्यकांत असें पुष्कळदां होतें, म्हणून सिद्धान्त चुकला एवढ्यावरून औषध फेंकून देण्याची घाई करूं नये. नून १९१३ सालींच वारला आणि त्याचें काम त्याचा सहकारी जॉन फ्रीमन ह्यानें चालू ठेविलें.

पुढील चाळीस वर्षें ह्या सुया जगभर टोंचल्या गेल्या. कोणी म्हणे, माझा दमा गेला. कोणी म्हणे, तीन वर्षें सुया घेऊन हात चाळणीसारखा झाला आणि दमा जेथल्या तेथें. खरें खोटें करण्यासाठीं त्याच रुग्णालयांत विल्यम फ्रँकलंड आणि रोझा ऑगस्टिन ह्यांनीं एक प्रयोग केला. कांहीं रोग्यांना परागाचें प्रथिन असलेला अर्क दिला, कांहींना तें प्रथिन काढून टाकलेला. कोणाला काय दिलें हें रोग्यांना सांगितलें नाहीं. १९५४ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. प्रथिन मिळालेल्यांना स्पष्टपणें अधिक गुण आला होता. परंतु दुसऱ्या गटांतही आपणांस बरें वाटलें असें म्हणणारे होतेच. ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत. दमा हा मूळचाच चढउतार होणारा रोग. उतरत्या वेळीं घेतलेली कोणतीही सुई यशस्वी दिसते. हे फ्रँकलंड दुसऱ्या महायुद्धांत सिंगापुरांत जपान्यांच्या कैदेंत सांपडले होते. तेथून जगून आले आणि १०८ वर्षांचे होऊन २०२० सालीं वारले.

ह्या संदर्भांत हैदराबादच्या माशाच्या औषधाची आठवण होणें साहजिक आहे. मृग नक्षत्र लागतें त्या दिवशीं जिवंत मासा औषधासह गिळविण्याची ती प्रथा सर्वांना माहीत आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांतच होता, आणि मनमाड-काचीगुडा मार्गावरच्या गाड्यांनीं आपल्याकडचे दमेकरी तेथें जात आले. त्यांतही कोणी बरा होऊन येतो, कोणी जातो तसाच परत येतो. मृगाच्या पावसाबरोबर उन्हाळ्याची धूळ खालीं बसते व हवाच पालटते, ही गोष्ट त्या हिशेबांत कोणी धरीत नाहीं.

आतां परागाच्या सुईकडे पुन्हां वळूं. ती खरोखर लागू पडते हें ठरल्यावर प्रश्न उरला तो हा कीं, मग ती सर्वांना कां लागू पडत नाहीं? ह्याचें एक उत्तर अगदीं साधें आहे. ज्या वस्तूनें दमा उठतो तिचाच अर्क सुईंत असला पाहिजे. नूनचें टिमोथी गवत हें थंड मुलखांतलें. तें मराठवाड्याच्या माळावर उगवत नाहीं. येथल्या रोग्याला त्याचा अर्क टोंचणें म्हणजे एकाच्या कुलपाला दुसऱ्याची किल्ली लावणें. येथील हवेंत काय असतें? बाभूळ, कडुनिंब, एरंड, ज्वारी-बाजरीचें फुलणें, नाना जातींचीं गवतें. आणि १९५५-५६ च्या सुमारास पुण्यांत प्रथम नोंदलें गेलेलें व पुढें रस्तोरस्तीं पसरलेलें गाजरगवत, ज्याला लोक काँग्रेस गवत किंवा चटकचांदणी म्हणतात. त्यानें कातडी फुटते, नाक वाहतें आणि कांहींना दमाही होतो. शिवाय धान्याच्या कोठारांतील बुरशी, पावसाळ्यांत ओल धरलेल्या भिंती, जुन्या गाद्या. गाद्यांच्या धुळींत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात व पुष्कळ रोग्यांच्या दम्याचें मूळ तेच, हें हॉलंडमधील लायडनच्या संशोधकांनीं १९६०-७० च्या दशकांत दाखविलें. ह्या किड्यांना ओलावा लागतो. म्हणून मुंबईच्या दमट खोलींतील रोगी आणि वैजापूरच्या कोरड्या वाड्यांतील रोगी ह्यांचा दमा एकाच कारणाचा असेल असें धरून चालतां येत नाहीं.

ही हवा कोणीं तरी मोजावयास हवी होती. तें काम मोठ्या चिकाटीनें ह्या शहरांत झालें, आणि शहराला त्याची पुरती जाणीव नाहीं ह्याचें मला नवल वाटतें. मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालीं स्थापन झालें. १९९४ पासून त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव आहे. तेथील वनस्पतिशास्त्र विभागांत प्राध्यापक एस. टी. टिळक ह्यांनीं हवेंत तरंगणाऱ्या सजीव कणांच्या अभ्यासाला वाहून घेतलें. इंग्लंडांत हर्स्ट नांवाच्या संशोधकानें १९५२ सालीं असे कण पकडण्याचें यंत्र केलें होतें. टिळकांनीं आपले सहकारी कुलकर्णी ह्यांच्यासह एक स्वदेशी यंत्र रचलें व त्याचें वर्णन १९७० सालीं प्रसिद्ध केलें. "टिळक एअर सँपलर" ह्या नांवानें तें पुढें देशांतील अनेक प्रयोगशाळांत वापरलें गेलें.

यंत्राची रचना समजण्यास सोपी आहे. विजेवर चालणारा पंखा बाहेरची हवा एका नळींतून आंत ओढतो. नळीच्या तोंडासमोर एक पिंप अगदीं सावकाश फिरत असतें व त्यावर चिकट लेप दिलेली पारदर्शक पट्टी गुंडाळलेली असते. हवेंतील कण तिच्यावर आपटून चिकटतात. पिंपाचा एक फेरा आठ दिवसांत पुरा होतो. मग पट्टी काढून, दिवसावार तुकडे करून, सूक्ष्मदर्शकाखालीं एकेक कण ओळखावयाचा आणि मोजावयाचा. आठवड्यामागून आठवडे, ऋतूमागून ऋतु. शेतांतल्या हवेंत पिकांवरील रोगांचे बीजाणु केव्हां वाढतात हें त्यावरून कळूं लागलें. भुईमुगाच्या टिक्का रोगासारख्या रोगांचा अंदाज बांधणें हा ह्या विद्येचा एक मोठा उपयोग. लेण्यांतील हवेंतील बुरशीकडेही ह्या मंडळींचें लक्ष गेलें. दम्याच्या वैद्यकाला ह्यांतून मिळतें तें एक प्रकारचें पंचांग: अमुक महिन्यांत अमुक गवत फुलतें, अमुक पावसानंतर अमुक बुरशी हवेंत चढते. एखादा रोगी म्हणतो कीं मला दसऱ्याच्या सुमारासच त्रास होतो, आणि शेजारचा म्हणतो कीं मला होळीला. तें पंचांग जवळ असलें म्हणजे दोघांचेंही म्हणणें डॉक्टरला खरें मानतां येतें, आणि कोणाला कोणता अर्क टोंचावयाचा, कोणाला मुळींच टोंचूं नये, हें अनुमानानें नव्हे तर पुराव्यानें ठरवितां येतें.

मुळींच टोंचूं नये असें म्हणण्याचें कारण आहे. ब्रिटनमध्यें १९५७ पासून १९८६ पर्यंत ह्या अर्कांच्या सुयांमुळें २६ मृत्यु झाल्याची नोंद तेथील औषधसुरक्षा समितीनें प्रसिद्ध केली. मेलेल्यांत दमेकऱ्यांचा भरणा मोठा होता. तेव्हांपासून त्या देशांत हा उपचार जवळजवळ थांबलाच. अन्यत्र तो चालू आहे, परंतु दमा ताब्यांत नसतांना सुई द्यावयाची नाहीं, आणि सुईनंतर निदान अर्धा तास रोग्याला दवाखान्यांतच बसवून ठेवावयाचें, असा दंडक झाला. तो अर्धा तास कंटाळवाणा वाटून निघून जाणारे रोगी पुष्कळ असतात. त्यांनीं जाऊं नये.

सॉल्टरच्या कॉफीचें भावंड म्हणजे थिओफायलिन. चहांत तें असल्याचें १८८८ सालीं जर्मनींत कळलें. १९३० नंतर त्याचेंच एक रूप शिरेंतून टोंचण्याची पद्धति पडली. आपल्याकडे त्याच जातीची डेरिफायलिनची सुई इतकी घरोघर ठाऊक आहे कीं वेगळें वर्णन करण्याचें कारण नाहीं. ह्या औषधाच्या बाबतींत रोग्यांच्या अनुभवांतील भेद आणखी निराळ्या वाटेनें येतो. शरीरांत शिरलेलें हें औषध यकृत मोडून टाकतें, आणि हें मोडण्याचें काम सर्वांचें यकृत सारख्या वेगानें करीत नाहीं. बिडी ओढणाऱ्याचें यकृत तें झपाट्यानें संपवितें. त्याला नेहमींची मात्रा पुरत नाहीं. यकृत किंवा हृदय दुबळें झालेल्या वृद्धाच्या रक्तांत तें सांचत राहतें. एरिथ्रोमायसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखीं औषधें बरोबर चालूं असलीं तरी तेंच होतें. गुण येण्याइतकें प्रमाण आणि अपाय होण्याइतकें प्रमाण ह्यांत अंतर थोडें: दहा ते वीस मायक्रोग्रॅम, एका मिलिलिटर रक्तद्रवांत. त्याच्या वर गेलें कीं मळमळ, धडधड, आणि फारच वाढलें तर झटके. तेव्हां "मला सुईनें कांपरें भरलें" असें सांगणारी आजी मनाचे खेळ सांगत नसते.

१९४९-५० च्या सुमारास कॉर्टिझोन आलें आणि दम्याच्या वैद्यकांत मोठी आशा उत्पन्न झाली. सुईनें असो कीं गोळीनें, ह्या जातीच्या औषधांनीं मरणाच्या दारांतून रोगी परत येऊं लागले. पण ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनें जुनाट दम्याच्या रोग्यांवर पद्धतशीर प्रयोग करून १९५६ सालीं निकाल दिला तो निराशाजनक होता: आरंभीं थोडा फायदा, पुढें नांव घेण्याजोगा नाहीं. सरासरी काढली होती आणि सरासरीचा हिशेब बरोबरच होता.

डार्बी येथील हॅरी मॉरो ब्राऊन नांवाच्या डॉक्टरला मात्र हा निकाल पटला नाहीं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर कांहीं रोगी झपाट्यानें सुधारत होते. त्याच्या दवाखान्यांत एक सूक्ष्मदर्शक होता. तो रोग्याची थुंकी घेई, कांचेवर पसरी आणि स्वतः पाही. कांहींच्या थुंकींत इओसिनोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशी भरपूर असत. इओसिन ह्या लाल रंगानें त्या उठून दिसतात व १८७९ सालीं पॉल एर्लिखनें त्यांचें वर्णन केलेलें होतें. कांहींच्या थुंकींत त्या नसत. ब्राऊनला आढळलें कीं औषधाचा गुण जवळजवळ सर्वस्वीं पहिल्या गटाला येतो. दुसऱ्याला येत नाहीं. १९५८ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें. दोन्ही गट एकत्र कालवून सरासरी काढली होती म्हणून कौन्सिलच्या प्रयोगांत गुण बुडाला होता.

इतका स्वस्त आणि इतका निर्णायक शोध! पण थुंकी पाहण्याचें काम कोणाला आवडतें? तो मागें पडला. आणि त्याची किंमत पन्नास वर्षांनीं पुन्हां मोजावी लागली.

मधल्या काळांत पराग आणि शिंका ह्यांना जोडणारा दुवा सांपडला होता. १९२१ सालीं प्राउस्निट्झ आणि क्यूस्टनर ह्या दोघां जर्मन डॉक्टरांनीं एक विलक्षण प्रयोग केला. क्यूस्टनरला मासे सोसत नसत. त्याचा रक्तद्रव प्राउस्निट्झनें स्वतःच्या कातडींत टोंचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशीं त्या जागीं माशाचा अर्क टोंचतांच तेथें गांध उठली. रक्तांत कांहीं तरी होतें खास. तें द्रव्य म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन ई. त्याची ओळख अमेरिकेंत इशिझाका पति-पत्नींना आणि स्वीडनमध्यें योहानसन व बेनिख ह्यांना १९६६-६७ मध्यें पटली. हेंच द्रव्य रक्तांत पकडून निकामी करणारी ओमालिझुमॅबची सुई अमेरिकेंत २००३ सालीं दम्यासाठीं मान्य झाली. दोन किंवा चार आठवड्यांनीं एकदां ती घ्यावयाची. मात्रा रोग्याचें वजन व रक्तांतील त्या द्रव्याचें प्रमाण पाहून ठरवावयाची. हजारांत एकदोघांना तिनें तीव्र अपाय होतो, म्हणून २००७ पासून तिच्यावर ठळक इशारा छापलेला असतो. तिच्याविषयींही अनुभव तोच: कोणी वर्षानुवर्षांच्या गोळ्या सोडतो, कोणाला चार महिन्यांनंतरही फरक नाहीं. आणि रक्तांतील द्रव्य जास्त म्हणून गुणही जास्त, असा सरळ हिशेब येथेंही जमत नाहीं.

इओसिनोफिल पेशींना पोसणारें एक द्रव्य शरीरांत असतें. तें रोखण्यासाठीं मेपोलिझुमॅब निघालें. २००० सालच्या एका लहान प्रयोगांत त्यानें त्या पेशी घटविल्या, पण दमा हलला नाहीं. २००७ सालीं ३६२ रोग्यांवरच्या प्रयोगाचा निकालही तोच. औषध बाजूस सारलें जाण्याच्या बेतांत होतें. तेव्हां इंग्लंडांत लेस्टर येथें आणि कॅनडांत हॅमिल्टन येथें दोन गटांनीं ब्राऊनची जुनी वाट धरली: ज्यांच्या थुंकींत त्या पेशी खरोखर आहेत आणि ज्यांचा दमा वारंवार उफाळतो, तेवढेच रोगी निवडले. एका ठिकाणीं ६१, दुसऱ्या ठिकाणीं अवघे २०. २००९ सालीं दोन्ही निकाल एकदमच प्रसिद्ध झाले. झटके स्पष्टपणें कमी झाले होते. तेंच औषध, ज्याला ३६२ जणांत यश आलें नव्हतें, विसांत यशस्वी झालें! २०१५ सालीं त्यास अमेरिकेंत मान्यता मिळाली आणि मागोमाग त्याच धर्तीचीं आणखी औषधें आलीं.

आज संभाजीनगरांतही ह्या नव्या सुयांचीं नांवें कानांवर पडूं लागलीं आहेत. एकेका सुईची किंमत हजारों रुपयांच्या घरांत असते, म्हणून "शेजाऱ्याला गुण आला, आम्हालाही द्या" हा आग्रह आतां पूर्वींइतका स्वस्त राहिलेला नाहीं. अशी सुई सुरू करण्यापूर्वीं रक्तांतील इओसिनोफिल मोजून घेणें, कातडीवर चांचणी करणें, नेहमींचा फवारा रोगी नीट ओढतो कीं नाहीं हें पाहणें, धाप हृदयाची तर नाहीं ह्याची खात्री करणें, आणि सुरू केल्यावर चार महिन्यांनीं गुण नसल्यास ती बंद करणें, हा क्रम आतां ठरून गेला आहे. फवारा चुकीच्या रीतीनें ओढणारे रोगी इतके आहेत कीं तेवढें सुधारल्यावर कित्येकांना सुईची गरजच उरत नाहीं.

२०२१ च्या डिसेंबरांत टेझेपेलुमॅब नांवाची आणखी एक सुई अमेरिकेंत मान्य झाली. जिच्या प्रयोगांत इओसिनोफिल थोडे असलेल्या रोग्यांनाही कांहीं गुण दिसला, अशी ती पहिलीच. मात्र तो गुण इओसिनोफिल पुष्कळ असलेल्यांपेक्षां कमी होता. ज्यांच्या थुंकींत ती पेशी नाहीं आणि ज्यांच्या कातडीवर गांधही उठत नाहीं, असे दमेकरी अजून आहेतच; खास त्यांच्या दम्याचें मूळ धरून बनविलेली सुई अद्याप निघालेली नाहीं.